दगडावर चार, कमानीवर अठ्ठेचाळीस: महामार्गाचा खरा क्रमांक कोणता?

गाडीचा टायर फुटला तो कराडच्या थोडं अलीकडे, रात्री साडेदहाच्या सुमाराला. स्टेपनीत हवा नव्हती. गाडीच्या विम्याबरोबर रस्त्यावरची मदत मिळते, म्हणून त्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, कुठल्या हायवेवर आहात?" मोबाइलच्या उजेडात कडेचा किलोमीटरचा दगड शोधला. पिवळ्या डोक्याचा, अर्धा गवतात, रंग उडालेला, पण अक्षरं लागत होती: एनएच ४. तेच सांगितलं. थोडा वेळ कीबोर्ड वाजला. "सर, एनएच चार मला अंदमान दाखवतोय. जरा परत बघता का?"

शंभरेक पावलं पुढे रस्त्यावर आडवी हिरवी कमान होती. तिच्यावर ढालीच्या आकारात आकडा होता ४८. आणि सर्व्हिस रोडवरच्या बंद गॅरेजच्या पाटीवर, पत्त्यात, परत 'एनएच ४'.

तो मुलगा चेष्टा करत नव्हता. सरकारी कागदावर आजचा राष्ट्रीय महामार्ग ४ खरंच अंदमानात आहे, पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, दिगलीपूरकडे जाणारा. आपल्या पुणे-कोल्हापूर रस्त्याचा तो आकडा २०१० सालीच गेला. दगडाला मात्र ते कुणी कळवलं नाही.

रस्त्यावरचा फलक एक सांगतो आणि सरकारी दप्तर दुसरं, हा अनुभव राज्यभर येतो. कुठे क्रमांक वेगळा, कुठे किलोमीटर, कुठे रस्त्याचा दर्जाच वेगळा. हे होतं कसं, आणि त्याचा आपल्याशी काय संबंध, ते एकेक करून पाहू.

दारावरची पाटी आणि सातबारा

घराच्या दारावर आजोबांच्या नावाची पाटी अजून असते, पण घर कुणाचं हे विचारायला आपण तलाठ्याकडे जातो. पाटी ओळखीपुरती, मालकी कागदावर. रस्त्याचंही नेमकं तसंच आहे.

रस्त्याचा सातबारा म्हणजे राजपत्र. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ सालचा. त्यातल्या कलम २ नुसार केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना, म्हणजे अधिकृत जाहीरनामा, काढून एखादा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ठरवतं. असे सगळे रस्ते कायद्याला जोडलेल्या यादीत नोंदले जातात. या यादीला अनुसूची म्हणतात. याच कलमाखाली एखादा रस्ता यादीतून वगळताही येतो. यादीत नाव आहे तोवर तो राष्ट्रीय महामार्ग, नाव गेलं की नाही. मग डांबर तेच असो, वाहतूक तीच असो आणि कडेचे दगडही तेच असोत.

अनुसूचीतली नोंद वाचण्यासारखी असते. तिच्यात रेखीव नकाशा नसतो. एक लांबलचक वाक्य असतं: अमुक महामार्गाला अमुक गावाजवळ मिळणाऱ्या ठिकाणापासून सुरू होऊन, ही ही गावं जोडत, तमुक महामार्गाला तमुक गावाजवळ मिळणारा. गावाच्या आतून की बाहेरून, जुन्या पुलावरून की नव्या, हे त्या वाक्यात सहसा नसतं. या 'जवळ' शब्दाने पुढे बराच घोळ होतो.

फलक ही या नोंदीची नक्कल. ती उतरवून घ्यायची पद्धतही ठरलेली आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ पासून रस्त्यांची मानकं ठरवते. बॅ. मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून ती उभी राहिली. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्याचा. दर पाचवा दगड मोठा. दोन दगडांच्या मध्ये दर २०० मीटरला लहान दगड, त्यांच्यावर २, ४, ६, ८. म्हणून अभियंते जागा सांगताना '७२५/४००' असं लिहितात, म्हणजे ७२५ किलोमीटर आणि वर ४०० मीटर. या मोजणीला आपल्या बांधकाम खात्यात साखळी क्रमांक म्हणतात. जुन्या काळी अंतर लोखंडी साखळीने मोजत, तिथून आलेला हा शब्द.

नंबर बदलायचेच कशाला?

गावोगावी जमिनीचं एकत्रीकरण झालं तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजही बांधावर उभा म्हातारा माणूस सर्व्हे नंबरच सांगतो आणि तलाठी गट नंबर विचारतो. जमीन तीच, बोलतात दोघं दोन भाषांत. महामार्गांचं एकत्रीकरण २०१० साली झालं.

त्याआधी आकड्यांना फारसा अर्थ नव्हता. नवा महामार्ग जाहीर झाला की पुढचा मोकळा आकडा, नाहीतर जुन्या आकड्याला ए, बी जोडायचं. म्हणून बेळगाव-पणजी ४-ए, पळस्पे-जेएनपीटी ४-बी आणि सोलापूर-बीड-धुळे एकदम २११. आकड्यावरून दिशा कळत नव्हती.

नव्या पद्धतीत नियम आला. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. महाराष्ट्राच्या नकाशावर बोट ठेवून बघा. नागपूरवरून जातो तो ४४, संभाजीनगर-बीडवरून ५२, धुळे-नाशिक-पुणे ६०, कोकणातून ६६: पूर्वेकडून पश्चिमेकडे आकडा चढत गेला. आडवे बघा. अमरावती-अकोला-जळगाववरून ५३, कल्याण-नगर-नांदेड ६१, पुणे-सोलापूर ६५: वरून खाली चढत गेला. आमचा ४८ या रांगेत नीट बसत नाही, तो बीडवरच्या ५२ च्याही पश्चिमेला येतो. कारण तो दिल्लीहून निघून जयपूर, अहमदाबाद, मुंबई, पुणे, बंगळुरू करत चेन्नईला जातो. असा तिरपा रस्ता कुठल्याही सरळ नियमात थोडा अडकणारच.

तीन आकडी क्रमांक म्हणजे फाटा. शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे. रत्नागिरीहून कोल्हापूरकडे येणारा १६६ हा ६६ चा फाटा. तुळजापूर-लातूर-नांदेड-यवतमाळ-बुटीबोरी हा ३६१, म्हणजे ६१ चा. ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी मार्ग ९६५ आणि तुकाराम महाराजांचा ९६५-जी, दोघांचं मूळ ६५ मध्ये. एकदा हे कळलं की अनोळखी आकडाही बोलू लागतो. बदल चांगला होता, असंच माझं मत आहे.

पण एक मोठी अडचण झाली. जुने आकडे निवृत्त झाले नाहीत, ते दुसऱ्यांना मिळाले. जुना ४ आता अंदमानात. मुंबई-दिल्लीचा जुना ८ आता आसाम-त्रिपुरात. मुंबई-गोव्याचा जुना १७ आता उत्तर बंगाल-आसामात. मुंबई-आग्र्याचा जुना ३ आता पंजाबातून मनालीमार्गे लेहला जातो. आणि ४८? तो २०१० पूर्वी बंगळुरू-मंगळुरू रस्त्याचा होता. म्हणजे जुना फलक नुसता शिळा राहत नाही, तो दुसऱ्याच रस्त्याचं नाव सांगतो. एसटीच्या गाडीवरची पाटी बदलायची राहिली आणि ती पाटी आता वेगळ्याच गावच्या गाडीची झाली, तर प्रवाशाचं जे होईल तेच.

आकडा बदलला, किलोमीटरचं काय?

इथे खरी गुंतागुंत आहे, आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

पुणे-सातारा रस्त्याच्या सहापदरीकरणाचा प्रकल्प कागदावर 'किमी ७२५ ते ८६५.३५०' असा नोंदलेला आहे, आणि त्याच्या दक्षिणेचा सातारा-कागल टप्पा 'किमी ५९२.२४० ते ७२५' असा. नीट पाहा: आकडा कागलकडून पुण्याकडे वाढत येतो. हे मोजमाप जुन्या ४ नंबरचं, दक्षिणेकडून वर येणारं. नवा ४८ दिल्लीहून सुरू होतो. त्या हिशोबाने किलोमीटर पुण्याकडून कागलकडे वाढायला हवेत. म्हणजे क्रमांक बदलताना मोजणीची दिशाच उलटते. आता प्रत्येक पूल, प्रत्येक मोरी, प्रत्येक पेट्रोल पंपाची परवानगी, प्रत्येक जुना करार जुन्या किलोमीटरने लिहिलेला. ते सगळं एका झटक्यात बदलायचं म्हणजे गावातल्या प्रत्येकाचा घर क्रमांक एका रात्रीत बदलण्यासारखं. म्हणून पुष्कळ ठिकाणी क्रमांक नवा आणि साखळी जुनी अशी जोडी चालू राहते.

त्यात रस्ता स्वतःही बदलतो. घाटातलं वळण सरळ केलं की अंतर कमी होतं. बायपास झाला की वाढतं. पण पुढचे शेकडो दगड हलवायचे नाहीत, म्हणून तो फरक एका किलोमीटरमध्येच जिरवतात. मग कुठेतरी एक किलोमीटर सातशे मीटरचा असतो, तर कुठे तेराशेचा. प्रकल्प अहवालात म्हणूनच दोन रकाने असतात, एक सध्याच्या साखळीचा आणि एक नव्या आराखड्यातल्या साखळीचा. एकाच मोरीला दोन आकडे, दोन्ही अधिकृत.

'कोल्हापूर ७२' आणि दोन किलोमीटर पुढे 'कोल्हापूर ७३' असे फलक दिसले की आपण हसतो. बहुतेक वेळा एकाने अंतर शहराच्या मध्यापर्यंत मोजलेलं असतं आणि दुसऱ्याने बायपासच्या फाट्यापर्यंत. अंतर कुठल्या बिंदूपर्यंत, हा प्रश्न जुनाच. मुंबईत इंग्रजांच्या काळी मैल मोजायला सुरुवात होई ती फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून. मुंबई तेव्हा त्याच्याभोवतीच होती. आज दहिसर ओलांडून आत आलेला माणूस मुंबईत पोचला की नाही?

पाट्या लावतं तरी कोण?

एक माणूस नाही, एक खातंही नाही. केंद्राचं मंत्रालय अधिसूचना काढतं. प्रत्यक्ष रस्ता कुठे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण सांभाळतं, कुठे राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची राष्ट्रीय महामार्ग शाखा. शहरात महापालिका आपले फलक लावते. टोलच्या रस्त्यावर ते काम कंत्राटदाराकडे असतं आणि करार पंधरा-वीस वर्षांचा. करार झाला तेव्हा रस्ता ४ नंबरचा होता, मधेच तो ४८ झाला. कमानीवरचे आकडे बदलायचा खर्च कुणाचा? करारात लिहिलेलं नसेल तर पत्रव्यवहार सुरू होतो, आणि आकडा तसाच राहतो. अधिसूचना एका सहीने निघते. फलक मात्र अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश या वाटेने येतो.

म्हणून एकाच रस्त्यावर मोठी कमान नवी आणि दगड जुने, असं दिसतं. कमान मोठ्या कामात बदलली गेली. दगडाला नुसता रंग दिला गेला, आणि रंगाऱ्याने पुसट झालेला जुनाच आकडा इमानदारीने पुन्हा गिरवला.

काही ठिकाणी फलकावर तिसरा आकडाही असतो, एएच ४७. तो आशियाई महामार्गाचा, देशोदेशींच्या करारातून आलेला. ग्वाल्हेर ते बंगळुरू या वाटेला तो दिला आहे आणि आपला पुणे-बंगळुरू रस्ता तिच्यात येतो. हा आकडा चुकीचा नाही, नुसता जादाचा आहे.

आणि दोन महामार्ग काही अंतर एकाच डांबरावरून जातात तेव्हा? एकाच रस्त्यावरून दोन मार्गांच्या एसट्या धावाव्यात तसं ते असतं. लांबीच्या हिशोबात तो तुकडा एकाच्याच नावावर धरतात, नाहीतर तेच किलोमीटर दोनदा मोजले जातील. मग फलकावरही पुष्कळदा एकच आकडा उरतो, आणि दुसऱ्या महामार्गाने आलेला प्रवासी 'माझा रस्ता कुठे गेला' म्हणत शोधत राहतो. इथे दोन्ही आकडे लावायला हवेत.

कागद तरी नेहमी बरोबर असतो का?

नसतो. बायपासचंच घ्या. अनुसूचीतलं वाक्य म्हणतं रस्ता अमुक शहर जोडतो. बायपास झाल्यावर महामार्ग शहराबाहेरून जातो आणि आतला जुना रस्ता एकदा नीट दुरुस्त करून राज्याकडे किंवा नगरपालिकेकडे सोपवायचा, अशी पद्धत आहे. प्रत्यक्षात दुरुस्ती होते, हस्तांतरणाची सही रेंगाळते, आणि दरम्यान त्या रस्त्यावरचा खड्डा कुणाचा हे कुणीच सांगत नाही. आतल्या रस्त्यावर पिवळे दगड तसेच, बाहेर कमान नवी. दोन्ही स्वतःला महामार्ग म्हणवतात.

गावांच्या नावांचंही तेच. फलकावर छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर आलं, पण जुन्या अधिसूचनांत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर आहे. नोंद बदलायला वेगळी दुरुस्ती लागते. 'अमुक नोंदीऐवजी तमुक वाचावे' अशा दुरुस्त्या राजपत्रात वरचेवर निघत असतात, म्हणून एकच अधिसूचना वाचून निकाल देऊ नये. शेवटची दुरुस्ती कधीची, ते पाहायचं.

"आमचा रस्ता राष्ट्रीय झाला म्हणे"

हे वाक्य गेल्या दहा वर्षांत जवळजवळ प्रत्येक तालुक्यात ऐकलं असेल. पुढाऱ्याचं भाषण होतं, अभिनंदनाचे फलक लागतात, कधी कधी ढालीतला आकडाही दिसू लागतो. पण मंत्रालयाने रस्त्याला तत्त्वतः मंजुरी देणं आणि राजपत्रात तो जाहीर होणं या वेगळ्या गोष्टी. तत्त्वतः मंजुरी म्हणजे साखरपुडा. अधिसूचना हे लग्न. मधल्या काळात राज्याचं खातं म्हणतं रस्ता आता केंद्राकडे चाललाय, आम्ही पैसे कशाला घालू, आणि केंद्र म्हणतं अजून आमच्याकडे आलेला नाही. त्या रस्त्याने रोज शाळेला जाणाऱ्या मुलांनी याची किंमत मोजली आहे, पावसाळ्यामागून पावसाळे.

उलटा गोंधळ 'महामार्ग' या शब्दाचा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो राष्ट्रीय महामार्ग नाही. तो राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही तसाच. ४८ क्रमांक जातो तो खंडाळ्याच्या जुन्या रस्त्याने. एरवी हा फरक कुणाच्या खिजगणतीत नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी मोटारींसाठी ३,००० रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास आला, आणि पहिल्याच आठवड्यांत लोक विचारू लागले, पास आहे तरी द्रुतगतीवर पैसे कसे कापले? कारण पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या टोलनाक्यांपुरता. रस्ता किती रुंद आहे हे पास बघत नाही, तो कुठल्या यादीत आहे ते बघतो.

"आकड्याने काय फरक पडतो? रस्ता चांगला असला म्हणजे झालं"

हा आक्षेप मला बऱ्याच जणांनी घेतला आहे. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो.

पहिली जमिनीची. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर १९५६ च्याच कायद्यातल्या कलम ३-अ खाली अधिसूचना निघते, आणि तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून हरकत घ्यायला २१ दिवस असतात. जाहिरात सुरू होते रस्त्याच्या नव्या क्रमांकाने. शेतकऱ्याच्या बांधाजवळच्या दगडावर मात्र हिरव्या डोक्याखाली राज्यमार्गाचा जुना आकडा. पारावर पेपर वाचताना त्याला वाटतं, हा दुसराच कुठला रस्ता. खाली बारीक अक्षरात गट नंबर असतात, पण तिथवर नजर जातेच असं नाही. एकवीस दिवस निघून जातात. पुढे कलम ३-ड ची अधिसूचना निघाली की जमीन केंद्र सरकारच्या नावे होते. फलक वेळेवर बदलला असता तर त्या माणसाने ती जाहिरात निदान शेवटपर्यंत वाचली असती.

घर बांधणाऱ्यालाही हेच लागू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत, मोकळ्या सपाट भागातल्या राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा येते. पहिलीच्या आत बांधकाम नाही, दुसरीच्या आत बांधकामावर निर्बंध. लहान दर्जाच्या रस्त्याला ही अंतरं कमी. दगड बघून पाया खणला आणि कागदावर रस्त्याची दर्जोन्नती झालेली निघाली, तर नोटीस दगडाला येत नाही.

दुसरी गोष्ट अपघातांची, आणि तीच मला सगळ्यात जास्त खुपते. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' म्हणजे अपघातप्रवण ठरते. तसं ठरलं की दुरुस्तीचा विचार होतो: दुभाजक, दिवे, भुयारी मार्ग. सगळा हिशोब जागेचा आहे. आता समजा एका अपघाताचा पंचनामा 'एनएच ४, किमी अमुक' असा, दुसरा 'एनएच ४८', तिसरा नुसताच 'पुणे-बंगळूर रोड, अमुक ढाब्यासमोर'. वळण एकच. पण ज्याने टेबलावर बसून मोजायचं, त्याला तीन वेगळ्या जागा दिसतात. सरकारी दवाखान्यात एकाच पेशंटचे तीन केसपेपर तीन नावांनी निघावेत आणि प्रत्येकावर एकदाच ताप आल्याची नोंद असावी, तसं. डॉक्टर म्हणणार, किरकोळ आहे. अलीकडे पोलीस अपघाताची नोंद मोबाइल ॲपमधून जागेच्या अक्षांश-रेखांशासह करू लागले आहेत, त्याने हा धोका बराच कमी होईल. जुन्या नोंदी मात्र जुन्याच भाषेत आहेत.

दर्जा बदलल्याने केवढी उलथापालथ होते, याचं एक उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद करायला सांगितलं. दुकानं हलण्याऐवजी काही ठिकाणी रस्तेच 'हलले'. चंदीगडने शहरातल्या राज्य महामार्गांना प्रमुख जिल्हा मार्ग करून टाकलं. जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेही स्पष्ट केलं की पालिका हद्दीतल्या परवानाधारकांना तो आदेश लागू नाही. रस्ता बोटभरही सरकला नव्हता. यादीतली जागा बदलली आणि कोट्यवधींचा धंदा वाचला.

"मोबाइलवर नकाशा आहे, पाटी कशाला?"

निळा ठिपका तुम्ही कुठे उभे आहात ते बरोबर सांगतो. पण त्या रस्त्यावर लिहिलेला आकडा उपग्रहाला दिसत नाही. तो कुणीतरी भरलेला असतो, कधी राजपत्र बघून, कधी फलकाचा फोटो बघून, कधी जुन्या नकाशावरून. फलक चुकीचा असेल तर तीच चूक नकाशात शिरते, आणि मग लोक नकाशा दाखवून म्हणतात, बघा, फलक बरोबरच आहे. शिवाय घाटात रेंज जाते, बॅटरी संपते, आणि अपघातातल्या माणसाचा फोन नेमका फुटलेला असतो. दगडाला यातलं काही लागत नाही. म्हणून दगडाने खरं बोलायला हवं.

मग खरं कोणाचं धरायचं?

कायद्यापुढे कागदाचं. जमीन, बांधकाम, टोल, परवानगी, यातलं काही असेल तर फलकाकडे बघू नका. केंद्राचं राजपत्र ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतं. मंत्रालयाच्या संकेतस्थळावर राज्यवार महामार्गांची यादी असते. राज्यमार्ग किंवा जिल्हा मार्ग असेल तर बांधकाम विभागाच्या उपविभागात विचारा. तोंडी उत्तरावर समाधान नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा आणि चारच गोष्टी मागा: या रस्त्याचा आजचा दर्जा, क्रमांक, त्याच्या अधिसूचनेची तारीख आणि देखभाल करणारं कार्यालय. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. ते उत्तर जपून ठेवा. रस्त्याच्या कुठल्याही भांडणात पहिला प्रश्न 'हा रस्ता कुणाचा' हाच असतो.

चुकीचा फलक दिसला तर फोटो काढताना मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, शेजारची एखादी न हलणारी खूण फोटोत येऊ द्या आणि तक्रार करा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, राज्याचा असेल तर 'आपले सरकार'वर. तक्रारीत 'फलक चुकीचा आहे' एवढंच लिहू नका. अधिसूचनेची तारीख टाका. तारीख दिसली की टेबलापलीकडच्या माणसालाही शोधाशोध करावी लागत नाही.

आणि रस्त्यात अडकलात तर? राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मदत क्रमांक आहे. महामार्गाच्या आकड्यावर विसंबू नका, दोन आकडे दिसत असतील तर दोन्ही सांगा. त्याआधी सांगा तोंड कुठे आहे, मागे कुठला टोलनाका गेला आणि किती वेळ झाला, जवळच्या पुलावर काय लिहिलंय. त्या रात्री मी शेवटी तेच केलं. "तासवडे टोलनाका सोडून दहा मिनिटं झाली, कोल्हापूरकडे तोंड, डावीकडे बंद गॅरेज." पलीकडचा मुलगा म्हणाला, "हां, हे कळलं." पाऊण तासात गाडी आली. ड्रायव्हर कराडचाच होता. टायर काढता काढता त्याने फोनवर मालकाला जागा सांगितली, "एनएच फोरवर आहे, येतो अर्ध्या तासात."